क्लच जड झालाय: आमची वाटचाल

आमच्या पाटीवर आज ‘केबल आणि लिव्हर’ एवढंच लिहिलेलं आहे. सुरुवात मात्र जुन्या मोटरसायकलींचं पडेल ते काम करणारं गॅरेज म्हणून झाली. इंजिन, वायरिंग, चाकांच्या तारा, काहीही. त्यातून एकाच कामाला कसे चिकटलो, ते विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

तक्रारींच्या वहीत एक ओळ सारखी यायची: ‘क्लच जड झालाय.’ गिऱ्हाईक मनाची तयारी करूनच यायचं, प्लेटी गेल्या असणार म्हणून. वास्तविक प्लेटी झिजल्या की क्लच घसरतो. हाताला जड लागण्याशी त्यांचा फारसा संबंध नसतो. स्प्रिंगाही वयाबरोबर नरमच पडतात. मधल्या काळात कुणी जास्त कडक स्प्रिंगा घातल्या असतील तर गोष्ट वेगळी. म्हणजे जडपणा बहुतेक वेळा घर्षणातूनच येतो, आणि तो इंजिनाच्या बाहेरही असू शकतो.

माझा भागीदार मुळात मशीन शॉपमधला. त्याने शिस्त घालून दिली की कव्हरच्या बोल्टला पाना लावण्याआधी केबल इंजिनाकडून सोडवायची. इतपत बरेच मेकॅनिक करतात. पण नुसती लोंबती केबल फसवते. भार नसताना खराब केबलसुद्धा सुरळीत सरकते, कारण तार वळणावर आऊटरच्या, म्हणजे बाहेरच्या नळीच्या, भिंतीला किती घासणार हे तिच्यावरच्या ताणावर ठरतं. म्हणून एकाने तारेचं टोक पकडीत धरून ओढून ठेवायचं, दुसऱ्याने लिव्हर दाबायचा. पकडवाल्याला थोडाच जोर जाणवतोय आणि लिव्हरवाल्याची बोटं पांढरी पडतायत, तर चोर केबलमध्ये नाहीतर लिव्हरच्या बोल्टमध्ये. केबल ठीक निघाली की इंजिनावरचा आर्म, म्हणजे केबल ज्याला ओढते तो दांडा, पान्याने फिरवून बघायचा. तो करकरत असेल किंवा सोडल्यावर आपोआप परतत नसेल, तर आर्मचा शाफ्ट गंजलाय, पुश रॉडचं (क्लच ढकलणाऱ्या सळईचं) टोक ठेचून पसरलंय किंवा मधला छर्रा खराब झालाय. हे सगळं झाल्यावर कव्हर उघडायचं.

या पद्धतीमुळे आमची इंजिनाची कामं कमी झाली आणि केबलची वाढली. उत्पन्नाच्या दृष्टीने हा सौदा आतबट्ट्याचाच होता, आणि तसं भागीदाराला मी बोलूनही दाखवायचो. मग दुसरी अडचण. जुन्या मॉडेलच्या केबली मिळेनात, आणि मिळायच्या त्या ‘जवळपास’ बसणाऱ्या. क्लचच्या केबलला जवळपास चालत नाही. आऊटर दोन बोटं लांब असला तरी हेडलाइटमागे एक जादा वळण येतं. तारेचा घर्षणांक ०.१५ धरला, तर एकूण ९० अंशांच्या वळणांना हातावरचा जोर सुमारे २७ टक्के वाढतो आणि १८० अंशांना सुमारे ६० टक्के. तार कोरडी पडून घर्षणांक ०.३ झाला, की त्याच १८० अंशांना जोर अडीच पटीवर जातो. हे गणित दुकानात लिहून ठेवल्यापासून केबलचा मार्ग बघितल्याशिवाय आम्ही माप घेत नाही.

मग स्वतःच केबली करायला लागलो. अर्नेस्ट बाऊडेन यांनी १८९६ साली पेटंट घेतलेली ही रचना, आणि तत्त्व अजून तेच आहे: गुंडाळलेल्या आऊटरमधून ओढली जाणारी तार. खरी कला निपल, म्हणजे तारेच्या टोकाला अडकणारा धातूचा गट्टू, बसवण्यात. तार निपलमधून बाहेर काढायची, टोकाचे धागे झाडूसारखे फुलवायचे, निपलच्या खोलगट तोंडात ओढून घ्यायचे आणि मग सोल्डर भरायचं. नुसत्या सरळ तारेवर सोल्डर ओतलं तर पहिल्याच गर्दीत निपल हातात येतं. इथे ब्रेझिंग, म्हणजे जास्त उष्णतेवर पितळेने जोडणं, करू नये. त्या उष्णतेने तारेचा ताठपणा जातो. सोल्डर तारेत फार वर चढू द्यायचं नाही, कारण चढलेला भाग काडीसारखा कडक होतो आणि त्याच्या काठावर धागे एकेक करून तुटतात. फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावलेलं रसायन) धुऊन काढणं हे कंटाळवाणं काम, पण ते राहिलं तर आतून गंज.

लिव्हरकडे आम्ही उशिरा वळलो. बाजारात मिळणारे लिव्हर दिसायला हुबेहूब, पण बोल्ट आणि निपल यांच्या केंद्रांतलं अंतर २५ मिलिमीटरच्या जागी २८ असलं तर हाताला १२ टक्के जादा जोर लागतो. तार जास्त खेचली जाते हे खरं, पण जिथे तेवढी खेच नको आहे तिथे तो जोर फुकट. आता प्रत्येक लिव्हर कॅलिपरने मोजूनच बाहेर जातो.

काही वर्षांनी पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) अस्तर असलेला आऊटर वापरायला घेतला. हा तेलाशिवाय चालतो. त्यात जाड ग्रीस भरलं तर धूळ धरून लगदा होतो आणि केबल अडकते. साध्या आऊटरला मात्र पातळ तेल लागतंच: वरच्या टोकाला कागदाचा द्रोण बांधायचा, तेल ओतायचं, खालून थेंब पडेपर्यंत थांबायचं. दोन्हींतला फरक न सांगता विकणारे विक्रेते भेटतात, म्हणून आम्ही प्रत्येक केबलला ‘तेल द्या’ किंवा ‘तेल नको’ अशी चिठ्ठी बांधतो.

आज बरीचशी कामं इतर गॅरेजकडून कुरिअरने येतात. मागणी नोंदवताना जुनी केबल पाठवा, तुटलेली असली तरी. ती नसेल तर तीन गोष्टी हव्यात: आऊटरची लांबी, आऊटरबाहेर उघडी दिसणारी तार आणि दोन्ही निपलचा आकार. सोबत हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून केबलच्या मार्गाचे फोटो. आणि क्लच दाबलेला असताना इंजिनावरचा आर्म केबलशी साधारण काटकोनात येतो का, ते आधी बघून घ्या. येत नसेल तर हँडलकडचा ॲडजस्टर (ताण जुळवायचा स्क्रू) सैल सोडून इंजिनाकडचा आतला ॲडजस्टर लावा. केबल कदाचित लागणारच नाही.