आमच्या स्ट्रायकरला किती द्यायचे?

मागच्या आठवड्यात एका रात्री आमच्या फुटबॉल टीमचा स्ट्रायकर, म्हणजे पुढे खेळून गोल मारणारा पोरगा, घरी आला. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि एकदम म्हणाला, "भाऊ, यंदा 20 हजार घेईन." मागच्या सीझनला त्याला 12 दिले होते. सीझन म्हणजे दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत भुसावळ, जळगाव, धुळ्याकडे ज्या ओपन टूर्नामेंट होतात त्या सगळ्या मिळून. वर्गणी आणि दोन दुकानदारांची मदत धरून आमच्याकडे जमतात 70 हजार, त्यातून एन्ट्री फी, गाडीभाडं, किट, बॉल गेले की खेळाडूंना द्यायला उरतात 45. म्हणजे एकट्याला जवळपास निम्मे. मी त्याला म्हटलं आठवडाभर थांब, विचार करून सांगतो. आणि खरंच आठवडाभर डोक्यात दुसरं काही नव्हतं.

पहिली आठवण झाली ती आमच्या आप्पांची, म्हणजे मोठ्या काकांची. अमळनेर तालुक्यात शेती, कापूस आणि दादर ज्वारी. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी शेतावर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला संपतं आणि आखाजीलाच नवीन ठरतं, त्यामुळे आखाजीच्या आधीचे आठ दिवस गावात प्रत्येक ओट्यावर हीच बोलणी. लहानपणी मी आप्पांच्या बाजूला बसून ते ऐकायचो. सालदार खाली पायरीवर बसायचा, बराच वेळ कुणीच आकड्यावर यायचं नाही, पाऊस, सरकीचं बियाणं, अमक्याच्या पोरीचं लग्न असं सगळं बोलून झालं की तो जमिनीकडे बघत म्हणायचा, "आते इतलामा परवडत नही, आप्पा." म्हणजे आता एवढ्यात परवडत नाही. मग पुन्हा शांत. मग उचल किती, धान्य किती, कपडे, चप्पल, खाडे कसे कापायचे, एकेक विषय निघायचा आणि आकडा सगळ्यात शेवटी.

एकदा आप्पांनी एका सालदाराला गावातल्या चालू भावापेक्षा बरेच जास्त दिले, घरात सगळे बोलले, तर आप्पा म्हणाले, अरे वखर तर कोणीही हाकेल, पण रात्री दोनला लाईट आली की न सांगता उठून मोटर चालू करणारा गावात हा एकटाच आहे, मी पैसे त्याचे देतो. तेव्हा ते कळलं नव्हतं, आता टीम चालवायला लागल्यावर कळतंय.

कारण आपण खेळाडूची किंमत काढताना गोल मोजतो. आमच्या पोराने मागच्या सीझनला 14 मारले. पण त्याच्या जागी बेंचवरचा दुसरा पोरगा खेळला असता तर शून्य झाले असते का? त्यानेही सात-आठ मारलेच असते, कारण कडेने पळून गोलसमोर बॉल टाकणारा विंगर तोच, बॉल जिंकून देणारा मिडफिल्डर तोच. म्हणजे मी जास्तीचे पैसे देतोय ते वरच्या सहा-सात गोलांचे आणि अजून एका गोष्टीचे, जी वहीत येत नाही. हा पोरगा समोर असला की समोरची टीम दोन डिफेंडर त्याच्यावर लावते आणि आमचा विंगर मोकळा सुटतो. रात्री दोनची मोटर ती हीच.

मोठ्या फुटबॉलमध्ये हेच काम आता डेटावर चालतं. इंग्लंडमधल्या मँचेस्टर सिटी क्लबच्या केविन डी ब्रॉयनाने 2021 मध्ये नवीन करार केला तेव्हा सोबत एजंट नव्हता, वडील आणि वकील होते, आणि त्याने स्वतः डेटावाल्यांकडून अहवाल करून घेतला होता की मी या टीमसाठी नेमकं काय करतो आणि मी नसलो तर काय होईल. 2025 पर्यंतचा करार मिळाला. मला तो प्रसंग फार आवडतो कारण भावनेवर काही नाही, ओरडाआरडा नाही, माणूस आपल्या कामाचा हिशोब घेऊन टेबलावर बसला.

पण नुसत्या कामाने आकडा ठरत नाही, कोणाला घाई आहे त्यानेही ठरतो. हे सगळं बदललं जीन-मार्क बोसमनमुळे. बेल्जियमचा हा खेळाडू, 1990 मध्ये त्याचा लिएजच्या क्लबबरोबरचा करार संपला, क्लबने नवीन करारात पगार एकदम चौथाईवर आणला, आणि तो फ्रान्समधल्या डंकर्कला जायला निघाला तर त्याच्यासाठी पैसे मागून अडवून ठेवला. करार संपलेला आणि तरी माणूस मोकळा नाही! आमच्याकडे उचल न फिटलेला सालदार अडकून पडायचा तसंच. तो कोर्टात गेला आणि 15 डिसेंबर 1995 ला युरोपच्या कोर्टाने निकाल दिला की करार संपला की खेळाडू फुकट जाऊ शकतो. आजचे मोठे पगार बऱ्याच अंशी तिथून आले, कारण जे पैसे जुन्या क्लबला जायचे ते खेळाडू आता स्वतःसाठी मागू शकतो. त्याच्या आधी इंग्लंडमध्ये तर 1961 पर्यंत आठवड्याला 20 पाउंडच्या वर पगार द्यायलाच बंदी होती, ती उठल्यावर फुलहमचा जॉनी हेन्स आठवड्याला 100 पाउंड घेणारा पहिला ठरला.

आता क्लबने उशीर केला की काय होतं ते बघा. जानेवारी 2018 ला लंडनच्या आर्सेनल क्लबकडे मेसुट ओझिल आणि अलेक्सिस सांचेझ दोघांचे करार सहा महिन्यांवर आलेले. शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबशी आधीच बोलणी करून ठेवू शकतो. सांचेझ मँचेस्टर युनायटेडला गेला, मग ओझिल तरी हातचा जाऊ नये म्हणून 29 वर्षांच्या खेळाडूला आठवड्याला साडेतीन लाख पाउंड, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. 2020 मध्ये तोच ओझिल प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या मुख्य लीगच्या, 25 जणांच्या यादीतसुद्धा नव्हता आणि जानेवारी 2021 ला तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबला गेला. लोक ओझिलला नावं ठेवतात, मला ते पटत नाही. त्याने काही चोरलं नव्हतं, समोरच्यांनी दोन वर्षं आधी बसायला पाहिजे होतं.

तसाच नेदरलँड्सचा डिफेंडर विन्स्टन बोगार्ड. 2000 मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबने चार वर्षांचा करार केला, आठवड्याला अंदाजे 40 हजार पाउंड, थोड्याच दिवसात त्याला टीममध्ये जागा राहिली नाही, चार वर्षांत डझनभर मॅच खेळला पण रोज प्रॅक्टिसला येत राहिला आणि करार पूर्ण केला. लोक त्याला लोभी म्हणाले. अरे पण सही दोन्हीकडून होती ना? आकडा चुकला तर एक वर्ष दुखतं, वर्षं चुकली तर चार वर्षं दुखतं. म्हणून मी बोलणी करताना आकड्यापेक्षा मुदतीला जास्त घाबरतो, आणि आप्पाही कधी दोन सालांचं एकदम बोलले नाहीत.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी सेमीफायनलला आम्ही बाहेरून एक खेळाडू आणला, दोन मॅचचे 5 हजार, आणि ते कोणाला सांगितलं नाही. आमच्या गोलकीपरला पूर्ण सीझनचे 6 मिळायचे. त्याला कळलं. भांडला नाही, काहीच बोलला नाही, फायनलच्या दिवशी सकाळी ग्लोव्हज आमच्या एका पोराकडे पाठवून दिले आणि स्वतः आला नाही. ते ग्लोव्हज धुऊन, वाळवून, घडी करून पिशवीत ठेवले होते. फायनल 3-0 हरलो. त्या दिवसापासून मला पक्कं माहितेय की एकाचा आकडा हा कधीच एकाचा नसतो. सगळे ऐकत असतात.

आणि खिसा बघावाच लागतो, कितीही जीव असला तरी. मेस्सी 2021 मध्ये पगार निम्मा करायला तयार होता, तरी त्याच्या बार्सिलोना क्लबला ला लिगाच्या, म्हणजे स्पेनच्या लीगच्या, खर्चाच्या मर्यादेत तो बसवता आला नाही आणि ऑगस्टमध्ये तो रडत गेला. मेस्सी!

काल रविवारी स्ट्रायकरला बोलावलं. घरी नाही, रेल्वे ग्राउंडवर, प्रॅक्टिस संपल्यावर, आणि गोलकीपरलाही थांबवून घेतलं. वही उघडली आणि 45 हजारांचा हिशोब दोघांसमोर ठेवला. म्हटलं, 13 हजार पक्के, त्यातली निम्मी उचल पहिल्या टूर्नामेंटच्या आधी हातात, बाकी प्रत्येक मॅचचे 400, म्हणजे सीझनचे सतरा-अठरा हजार होतात. गोलचे पैसे वेगळे देणार नाही, कारण मग तू पास देणार नाहीस आणि मला तू पास देणारा पाहिजेस. आमच्याच मॅचमध्ये गुडघा गेला तर राहिलेल्या मॅचचे 400 चालूच राहतील, ते कापणार नाही, मागच्या वर्षी एका टीमने एका पोराचे असेच कापले आणि तो अजून लंगडतोय. गोलकीपरचे 6 चे 9. करार एकाच सीझनचा, पुढचं पुढच्या वर्षी.

तो बराच वेळ बुटाची लेस सोडत बसला. मग गोलकीपरकडे बघितलं आणि मला म्हणाला, "18 च्या खाली गेलं तर घरी काय सांगू भाऊ?" मी म्हटलं, 12 मॅच खेळलास तर 17,800 होतात, वरचे 200 मी माझे टाकतो. तो म्हणाला, "नको, तुमचे नको. पण तारीख लिहा." म्हणून मी वहीत आकड्याच्या बाजूला तारीख लिहिली, प्रत्येक टूर्नामेंट संपल्यावर तिसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या आत, आणि खाली तिघांच्या सह्या.