रक्त गेलं कुठं?

आमच्या दवाखान्यात कोंबडी क्वचितच येते. गाय येते, म्हैस येते, शेळ्या-मेंढ्या तर रोजच्या. कोंबडी आजारी पडली की बहुतेक घरांत तिचा रस्सा होतो, आणि रस्सा होण्याआधीच मेली तर ती उकिरड्यावर जाते. त्यामुळं गेल्या उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी एक आजी तारेच्या पिशवीत तांबडी गावठी कोंबडी घेऊन केसपेपर काढायला उभ्या राहिल्या, तेव्हा रांगेतल्या दोघातिघांनी मागं वळून पाहिलं. बरोबर आठेक वर्षांची नात होती. पिशवी तिनंच दोन्ही हातांनी धरली होती.

"बाई, ही परत खुडूक झालीया का बघा जरा. धा दिस झालं, अंडं न्हाई. नुसती कोपऱ्यात बसती."

मी माणदेशात नोकरीला लागून तेव्हा दोन वर्षं होत आली होती. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कोंबड्यांचे रोग शिकले होते, पण तिथं बोलणं असायचं पाच-दहा हजार पक्ष्यांच्या शेडचं. एकट्या कोंबडीपुढं बसायची वेळ फारशी आली नव्हती.

आजींचा अंदाज काही वाईट नव्हता. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी खाणं कमी करते, अंडी थांबवते, पिसं फुलवून बसून राहते, तिचा तुराही फिका पडतो. फरक एवढाच की खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घातला तर ती अंगावर येते, चोच मारते, गुरगुरल्यासारखा आवाज काढते. दिवसातून एकदा उठून ढीगभर, उग्र वासाची शीट टाकते आणि परत बसते. हिच्या पोटाखाली मी हात घातला, तर हिनं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. डोळे अर्धे मिटलेले. तुरा फिका कसला, साफ पांढुरका, मेणबत्तीच्या मेणासारखा.

"ही खुडूक नाही, आजी. आजारी आहे."

मग एकेक करून तपासत गेले. गळ्याखालची पिशवी चाचपली. मऊ होती, म्हणजे चारा अडकलेला नव्हता. चोच उघडून पाहिली. आत चिकटा नव्हता, वास नव्हता. छातीला कान लावला, घरघर नव्हती. अंडं अडकलंय का ते पाहिलं; नव्हतं. मान वाकडी नव्हती, पाय लुळे नव्हते, हिरवी हगवण नव्हती, त्यामुळं मानमोडीची शंका सोडली. मानमोडी म्हणजे राणीखेत, आणि तो रोग असा एकीला निवडून कोपऱ्यात बसवत नाही. आठवड्याभरात आळीतली खुराडी रिकामी करतो. शेपटीखालची पिसं पाहिली, दोनचार उवा दिसल्या, त्या गावठी कोंबडीला असतातच. एक पंख उचलून पाहिला. छातीचं हाड मात्र हाताला सुरीच्या पाठीसारखं लागलं.

फिका तुरा, झडलेलं अंग, मोकळं फिरणारी कोंबडी. माझ्या डोक्यात जंत पक्के झाले. जंताचं औषध, जीवनसत्त्वाचे थेंब दिले आणि आणखी एखादी मेली तर फेकू नका, आधी मला दाखवा, असं सांगितलं. हातमोजे घाला, शीट मुलीला गोळा करू देऊ नका, हेही सांगितलं. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू निघाल्यापासून कोंबडीची मर ही आमच्याकडं साधी गोष्ट राहिलेली नाही.

निघताना नात म्हणाली, "ती रातच्याला खुराड्यात जात न्हाई. पेरूच्या झाडावर चढती. आम्ही रोज काढून आत घालतो."

"बरोबर करता," मी म्हणाले. "बाहेर मांजर नेईल."

हे वाक्य मी रजिस्टरमध्ये लिहिलेलं नाही, पण विसरलेही नाही.

चौथ्या दिवशी आजी पुन्हा आल्या. या वेळी पिशवीत तांबडी नव्हती, एक काबरी होती, पहाटे खुराड्यात मेलेली. तांबडी अजून तग धरून आहे म्हणाल्या, पण औषधानं काडीचा फरक नाही. हे सांगताना त्यांनी माझ्याकडं पाहायचं टाळलं. डॉक्टरचं औषध लागू पडलं नाही की ते डॉक्टरला कसं सांगावं, याचा त्यांनाच संकोच वाटत होता.

मागच्या पडवीत, पत्र्यावर, मी आणि आमच्या ड्रेसरनी काबरी उघडली. मास्क, मोजे, बादलीत जंतुनाशक. जठराच्या आत टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके शोधले, राणीखेतमध्ये ते दिसतात. नव्हते. आतडं शेवटपर्यंत चिरलं. जंत सापडले फक्त दोन, तेवढ्यानं कोंबडी मरत नाही. रक्ती हगवणीत आतड्याच्या टोकाशी ज्या दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्या रक्तानं भरतात. इथं त्या स्वच्छ होत्या. काळीज एरवी गडद तपकिरी असतं, हिचं दूध जास्त झालेल्या चहासारखं. हृदयातून जे रक्त निघालं ते पाण्यात कुंकू कालवल्यासारखं पातळ.

ड्रेसर चाळीस वर्षं जनावरं पाहिलेला माणूस. म्हणाले, "म्याडम, हिच्यात रक्तच न्हाई की."

रक्त नव्हतं, हे खरं. पण ते गेलं कुठं? पोटात साचलेलं नव्हतं, शीटेत नव्हतं, जखम नव्हती. माझ्या जंतांच्या निदानाचं त्या पत्र्यावर काही उरलं नाही.

मग मी पहिल्यांदा जे करायला हवं होतं ते केलं. पिसं उपटून कातडी पाहिली. पंखाखाली आणि मांडीच्या आतल्या बाजूला निळसर-लाल डाग होते, तुरीच्या दाण्याएवढे, आणि प्रत्येक डागाच्या मधोमध बारीकसा टोचल्याचा ठिपका. पंखाच्या बेचक्यात तिळाएवढ्या काळपट खपल्याही होत्या. चिमट्यानं एक उचलली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. खपलीला सहा पाय होते.

गोचीड म्हटलं की तो जनावराच्या अंगावर सापडतो, ही माझी गाईम्हशींवर बेतलेली सवय. गाईचा गोचीड दिवसेंदिवस चिकटून असतो, कानात, कासेवर, शेपटीखाली. कोंबडीचा गोचीड वेगळा. पुस्तकात त्याचं नाव आर्गस पर्सिकस. पिल्लू असताना, म्हणजे सहा पायांचा असताना, तो पाच-दहा दिवस अंगाला चिकटून राहतो. मोठा झाल्यावर मात्र दिवसभर भिंतीच्या फटीत, लाकडाच्या चिरेत, सालीखाली दडून बसतो, रात्री बाहेर येतो, झोपलेल्या कोंबडीवर चढतो, अर्ध्या-पाऊण तासात पोट भरून उजाडायच्या आत परत फटीत. मी तांबडीला तपासलं सकाळी साडेदहाला, दवाखान्याच्या टेबलावर. मला तो दिसणार कसा?

आणि एक माणूस, म्हणजे खरं तर एक कोंबडी, हे रोज संध्याकाळी सांगत होती. झाडावर चढून.

रात्री नऊ वाजता मोटारसायकलवरून मी आणि ड्रेसर आजींच्या वस्तीवर गेलो. "रातच्याला व बाई?" म्हणत आजींनी आधी चहा ठेवला. खुराडं गोठ्याच्या भिंतीला टेकून होतं, दगडमातीचं, वर जुन्या तुळईच्या फळ्या, आत बसायला बाभळीचं सालीसकट लाकूड. चांगलं जुनं दिसत होतं. विचारलं तर म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी मानमोडीत सगळ्या कोंबड्या गेल्या, तेव्हापासून बंदच होतं. यंदा संक्रांतीनंतर भावानं नऊ कोंबड्या दिल्या, म्हणून झाडून, सारवून परत वापरात घेतलं.

बॅटरी आत मारली. आधी काहीच दिसलं नाही. मग बाभळीचं लाकूड हललं असं वाटलं. लाकूड हलत नव्हतं, साल हलत होती. टरबुजाच्या बियांसारखे चपटे, मातकट तपकिरी गोचीड सालीखालून निघून कोंबड्यांच्या पायांवर चढत होते. वरून पाहिलं तर त्यांचं तोंडसुद्धा दिसत नाही, ते अंगाखाली असतं. काही पोट भरून परत निघाले होते. ते फुगून निळसर राखाडी झालेले. ड्रेसरनी एक दगडावर चिरडला. बॅटरीच्या उजेडात लाल ठिपका पडला.

आजी तो ठिपका बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "आणि मी रोज तिला हातानं धरून आत घालत हुते."

मी त्यांना सांगितलं की माझ्याच सल्ल्यानं शेवटचे चार दिवस घातलंत. त्यांनी ते ऐकल्यासारखं केलं नाही. मोठी माणसं असं करतात.

बाकीचं चित्र तिथंच अंगणात जुळत गेलं. तांबडी शिमग्याच्या आधी याच खुराड्यात एकवीस दिवस अंडी उबवत बसली होती. एकवीस रात्री, जागची न हलता. म्हणून सगळ्यांत जास्त तिचंच रक्त गेलं. अकरा पिल्लांपैकी सात गेली, ती घारीनं नेली असं घरात ठरलं होतं. पण विचारल्यावर नात म्हणाली, त्यातली चार सकाळी खुराड्यातच मेलेली सापडली होती. घार खुराड्यात शिरत नाही.

याच गोचिडातून कोंबड्यांना एक जंतूही लागतो, त्यानं ताप आणि हिरवी हगवण होते. म्हणून बॅटरीच्या उजेडात तांबडीच्या पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी रंगवून पाहिलं. ते पीळदार जंतू कुठं दिसले नाहीत. नुसत्या विरळ पसरलेल्या तांबड्या पेशी, पक्ष्यांच्या असतात तशा लांबट, मधे केंद्रक असलेल्या. तिला फक्त रक्त भरून यायला वेळ हवा होता.

उपचार कोंबडीपेक्षा खुराड्यावरच जास्त झाला. त्या रात्रीपासून सगळ्या कोंबड्या डालग्यांखाली, घराच्या दुसऱ्या बाजूला. बाभळीचं लाकूड आणि फळ्या सकाळी जाळल्या. जळताना तडतड आवाज येत होता आणि नातीला त्याचा आनंद होत होता. दगडांच्या सांधीत गोचीडनाशक फवारलं, पंधरा दिवसांनी पुन्हा, कारण गोचिडाची अंडी औषधाला दाद देत नाहीत, त्यातून पिल्लं बाहेर पडावी लागतात. कोंबड्यांच्या अंगावरही औषधाचा हलका हात फिरवला आणि तोवरची कोंबड्यांची अंडी खाऊ नका, विकू नका म्हणून बजावलं. गावठी अंडं तेव्हा पंधरा रुपयाला जायचं, त्यामुळं हे आजींना सगळ्यांत जड गेलं. नंतर त्यांच्या मुलानं लोखंडी पाइपचं नवं खुराडं केलं, चारी पाय जळक्या ऑइलच्या डब्यांत.

तांबडीला शेवग्याचा पाला, बाजरी, थोडं लोहाचं औषध. कोंबडीच्या तांबड्या पेशींचं आयुष्यच जेमतेम महिनाभराचं, त्यामुळं रक्त नवं करायची तिला सवय असते. दुसऱ्या आठवड्यात तुऱ्याच्या कडा गुलाबी झाल्या. रोहिण्या बरसायच्या सुमाराला आजींनी डझनभर अंडी दवाखान्यात पाठवली. घेऊ नये, पण घेतली.

त्या रात्री मी दहा-बारा गोचीड एका बाटलीत घालून आणले होते. झाकणाला भोकं पाडली, वर कागद चिकटवून तारीख लिहिली, लोकांना दाखवायला म्हणून टेबलावर ठेवली. पुढं पावसाळ्यात लम्पीच्या लसीकरणाची धावपळ सुरू झाली आणि बाटली फायलींच्या मागं गेली. दिवाळीनंतर टेबल आवरताना सापडली. सात महिने अन्न नाही, पाणी नाही, सगळे कागदासारखे पातळ होऊन तळाशी पडलेले. फेकून द्यायच्या आधी सहज हातात धरून बाटलीवर फुंकर मारली.

तळाशी एकानं पाय हलवले. मग दुसऱ्यानं.