मांडवी ते परळ: प्लेगच्या मुंबईत पायी फिरायचं असेल तर

परळपासून सुरुवात करू नका. 1896 च्या प्लेगच्या खुणा बघत हिंडणाऱ्यांमध्ये सांगितले जाणारे बहुतेक मार्ग हाफकिन संस्थेपासून निघतात आणि 'इथेच प्लेगची लस सापडली' असं बिनदिक्कत सांगतात. ते चूक आहे. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईत आला आणि त्याने लस तयार केली भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. 10 जानेवारी 1897 ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली, नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळा गेली ती 1899 च्या ऑगस्टमध्ये. पैसे घेऊन फिरवणारेसुद्धा हीच चूक रेटून सांगतात आणि वर त्याच फीमध्ये प्रिन्सेस स्ट्रीट दाखवतात. प्लेगनंतर शहर सुधारायला काढलेला प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, बघायला कुणाला पैसे कशाला द्यायचे? रस्ता आहे, रुंद आहे, संपलं.

खरी सुरुवात मशीद बंदर स्टेशनला. जलद गाड्या इथे थांबत नाहीत. धीमी लोकल किंवा हार्बर पकडा. रविवारी जायचं तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा, नाहीतर भायखळ्याला लटकाल.

स्टेशनच्या पश्चिमेला उतरून नरसी नाथा स्ट्रीटकडे वळलात की या वाटेचा सगळ्यात वाईट आणि सगळ्यात महत्त्वाचा तुकडा सुरू होतो. अंतर जेमतेम एक किलोमीटर, पण कामाच्या दिवशी सकाळी अकरानंतर इथे पाऊण तास सहज जातो. पाठीवर गोणी घेतलेला हमाल थांबू शकत नाही आणि हातगाडीला ब्रेक नसतो. 'बाजू, बाजू' ऐकू आलं की मागे वळून बघत बसू नका, सरळ जवळच्या दुकानाच्या पायरीवर चढा. चपला नकोत, पुढून बंद बूट हवेत. मोबाइल वर धरून फोटो काढत चालायचं तर इथे येऊच नका. सकाळी आठच्या आत पोचलात तर मान वर करून बघायची सोय होते, आणि इथे बघण्यासारखं सगळं वरच आहे.

तळमजल्याला पेढी नाहीतर गोदाम, वर तीन-चार मजले खोल्यांचे, मध्ये लाकडी तुळया. तेव्हा खाली धान्याच्या थप्प्या, वर माणसं आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीत काळा घरउंदीर. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर 1896 मध्ये प्लेगचं निदान केलं ते याच मांडवीत, गोदीपासून हाकेच्या अंतरावर. हाँगकाँगला 1894 मध्ये साथ होती. जहाजातून उंदीर-पिसवा इथे उतरल्या असाव्यात असं मानलं जातं. रूळ ओलांडून पूर्वेला दाणाबंदर आहे, नावातच सगळं आलं. घाऊक धान्यबाजार आता वाशीला गेला, त्यामुळे थप्प्यांची कल्पना करावी लागते. मसाल्याचा खाट मात्र आजही डोळ्यांत जातो.

इथे उभं राहिल्यावर एक गोष्ट नीट कळते: पालिकेने जे केलं ते का फसलं. समज असा होता की रोग घाणीतून, कोंदट हवेतून येतो. म्हणून गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक (जंतुनाशक) ओतलं, भिंतींना चुना मारला, उजेडासाठी छपराची कौलं काढली. गटारातला तपकिरी उंदीर त्यामुळे मेला नाही, घरांकडे सरकला. पुढे 1905 पासून परळला बसलेल्या प्लेग संशोधन आयोगाने क्रम लावून दाखवला: आधी तपकिरी उंदीर मरतात, साधारण दहा दिवसांनी काळे, आणि त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी माणसं. मेलेला उंदीर थंड पडला की पिसू त्याला सोडून दुसरं गरम अंग शोधते. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीला पिसवांचं हे सांगितलं होतं, पण तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 'घरात उंदीर पडला, आता निघा' म्हणणारे चाळकरी गोऱ्या साहेबांपेक्षा शहाणे होते.

मशीद बंदर ते जे. जे. दीड किलोमीटर, मोहम्मद अली रोडने, पुलाखालून. बघण्यासारखं काही नाही, धूर मात्र भरपूर. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. एकाच आवारात आहेत. हे चालतं रुग्णालय आहे, तेव्हा इमारत बाहेरून बघा आणि वॉर्डांकडे फिरकू नका. लसीची कृती माहीत असली तर थांबण्याला अर्थ येतो. बोकडाच्या मांसाचा रस्सा (गोमांस-डुक्कर टाळायचं म्हणून), त्यावर तुपाचे थेंब. तुपाला धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. फ्लास्क हलवला की ते तळाशी पडायचे आणि वर पुन्हा नवे लोंबायचे. मग उष्णता देऊन सगळे मारायचे आणि टिकण्यासाठी थोडं कार्बोलिक घालायचं.

पुढे मदनपुरा. मौलाना आझाद रोड म्हणजे जुना रिपन रोड. 9 मार्च 1898 ला एका आजारी विणकर मुलीला न्यायला प्लेगचे तपासनीस आले, मोहल्ला भडकला आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. फलक वगैरे काही नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी इथून जाणं टाळा, रस्ता भरलेला असतो.

सात रस्त्यापर्यंत पाय बोलायला लागतात. आर्थर रोड हॉस्पिटल म्हणजे आजचं कस्तुरबा. 29 ऑक्टोबर 1896 ला सुमारे हजार गिरणी कामगार यावर चालून आले. आत नेलेल्या माणसाला मारून त्याच्या अंगातून 'मोमियाई' (औषधी तेल) काढतात ही अफवा तेव्हा घराघरांत होती. आजही हे साथीच्या रोगांचंच रुग्णालय आहे. फाटकाबाहेर दोन मिनिटं, फोटो नको, पुढे चला. शेजारी तुरुंग आहे, तिथे कॅमेरा काढलात तर हवालदार उभं करतो.

इथून परळला चालत जाऊ नका. लालबागचा तो पट्टा निव्वळ पायपीट आहे. टॅक्सीवाले जवळचं भाडं म्हणून मीटर टाकत नाहीत आणि तोंडाला येईल ते मागतात. चिंचपोकळीहून लोकल, दोन स्टेशनं, तिकीट पाच रुपये. परळला पूर्वेला उतरा, केईएमच्या दिशेने.

हाफकिन संस्थेत आत जायचं तर आधी पत्र देऊन परवानगी काढा आणि ओळखपत्र सोबत ठेवा. शनिवार-रविवार सरकारी सुट्टी. म्हणजे मांडवीला रविवार बरा आणि परळला रविवार फुकट. दोन्ही एकाच दिवशी उरकायचं तर कामाच्या दिवशी सकाळी सात वाजता मशीद बंदरला हजर राहा, दुसरा इलाज नाही.

परळला थोडा जीव उरला असेल तर पोयबावडीच्या बीआयटी चाळी बघा. प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजेच बीआयटी) स्थापन झाला. त्याने आधी घरं पाडली, बांधली त्या मानाने कमी, आणि उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहिली. पहिल्या क्रमांकाच्या चाळीत, 50-51 नंबरच्या खोल्यांत, डॉ. आंबेडकर अनेक वर्षं राहत होते. माणसं राहतात तिथे, विचारल्याशिवाय जिना चढू नका.

वांद्र्याच्या गावठाणांतले, प्लेग टळावा म्हणून उभारलेले क्रूस छान आहेत, सोपे आहेत, वेगळ्या संध्याकाळी बघा. धोबीतलावला व्हिएगसांचा पुतळा येता-जाता दिसतो, त्यासाठी मुद्दाम जायला नको.

मोसमाचं म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. मुंबईत प्लेगही थंडीत वाढून मार्च-एप्रिलच्या सुमाराला कळसाला जायचा आणि पावसाळ्यात ओसरायचा. तुम्ही मात्र पावसाळ्यात इथे पाय ठेवू नका: मांडवीत पाणी तुंबतं, उंदीर आजही आहेत, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोची (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) खरी भीती आहे. तशा पाण्यातून गेलात आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरला आपण होऊन सांगा की साचलेल्या पाण्यातून चाललो होतो.