परत बसता येईल का?

"बाई, फुडल्या वर्सा परत बसूक गावतला मां?" नवोदयच्या निवड यादीत मुलीचे नाव नाही हे कळल्यावर वेंगुर्ल्याच्या बंदरावर तिच्या वडिलांनी आज मला एवढेच विचारले, आणि "नाही" हे उत्तर देणे मला फार जड गेले.

जवाहर नवोदय विद्यालयात सहावीच्या प्रवेशासाठी असलेल्या निवड चाचणीला मूल एकदाच, पाचवीत असताना बसू शकते. दोन तासांत 80 प्रश्न, त्यांतले 40 बौद्धिक क्षमतेचे. ही मुलगी आरशातल्या प्रतिमांची कोडी कागद न फिरवता सोडवत असे. अंकगणितात मात्र अडखळत असे, आणि ते आणखी वर्षभरात सुटले असते असे मला ठामपणे वाटते.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलेली ही योजना मला मोलाची वाटते, कारण बारावीपर्यंत राहण्याजेवणासह मोफत शिक्षण आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना देणारी अशी दुसरी सोय आमच्या वाड्यांना ठाऊक नाही. पण एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त 80 जागा असतात, आणि साऱ्या मुलांची बुद्धी दहाव्या-अकराव्या वर्षीच उमलते असे थोडेच आहे!

नववीत रिक्त जागांसाठी वेगळी परीक्षा होते, हे मी त्यांना सांगितले. तोपर्यंतची तीन वर्षे या मुलीला तिच्या कुवतीची कोडी कोण घालणार?