उपकाराखालची सही

दत्तक संस्थेत समुपदेशक म्हणून माझं ते चौथं वर्ष. प्रसूतीला दोनच दिवस झालेल्या एका मुलीची संमतीपत्रावर सही घ्यायला मला पाठवलं होतं. वय एकोणीस. ओळख पटेल असं आणखी काही लिहीत नाही. सह्या पटापट व्हाव्यात म्हणून फॉर्मवर सात ठिकाणी पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या होत्या. बाहेर बाकावर बाळाला न्यायला आलेलं जोडपं बसलेलं. बाईंच्या मांडीवर नवं कोरं दुपटं, घडी केलेलं.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "हा निर्णय तुझा स्वतःचाच आहे ना?"

"ताई, दवाखान्याचं सगळं बिल त्यांनी भरलंय. औषधंसुद्धा त्यांचीच. आता नाही कोणत्या तोंडाने म्हणू?"

बाळ तिच्या कुशीत झोपलं होतं. तिचं बोट त्याच्या मुठीत अडकलेलं, उजव्या हाताचं, म्हणजे सही करायच्याच हाताचं. तिने ते सोडवून घेतलं नाही आणि मलाही पेन पुढे करवेना.

एका देशातून दुसऱ्या देशात मूल दत्तक देण्याबद्दलच्या १९९३ च्या हेग कराराचं कलम ४ मला पाठ होतं. आईची संमती बाळ जन्मल्यानंतरच घ्यायची, आणि ती पैसे किंवा मोबदला देऊन मिळवलेली नसावी. पण मोबदला म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे नोटांचं पाकीट यायचं. चांगल्या माणसांनी चांगल्या मनाने भरलेलं बिलही एखादीचा गळा आवळू शकतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आधीच्या तीन वर्षांत मी घेतलेल्या सह्यांपैकी किती अशाच उपकाराखाली झाल्या असतील? त्या बायकांना मी विचारलंच नव्हतं. ते आजही सलतं.

मी फाइल मिटली. बाहेर येऊन त्या दोघांना सांगितलं की आज सही होणार नाही, सहा आठवडे थांबू. हा आकडा माझ्या मनाचा नव्हता. आईच्या संमतीसाठी कायद्याने मुदत ठरवायची तर ती बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपेक्षा कमी नसावी, असं युरोपच्या २००८ च्या सुधारित दत्तक करारात म्हटलं आहे. भरलेल्या पैशांवर तुमचा हक्क सांगता येणार नाही, हेही बोलले. बाई रडल्या. "आम्ही मदत म्हणूनच केलं हो," म्हणाल्या. मला ते खरंच वाटलं, आजही वाटतं. संस्थेत मात्र माझी चांगलीच कानउघाडणी झाली.

त्या सहा आठवड्यांत बाळ तिच्याजवळच राहिलं. तिच्या एका मावशीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुलीला विचारून मी त्यांना फोन केला, आणि त्या आल्या, राहिल्या. बाळ ठेवायचं ठरवलं तर कुठे राहता येईल, कोणती मदत मिळेल, हे मी तिला पहिल्यांदाच नीट समजावून सांगितलं. खरं तर ते गरोदरपणातच सांगायला हवं होतं.

शेवटी तिने बाळ द्यायचंच ठरवलं. मावशींनी खूप विनवलं, पण ती ठाम होती. या वेळी फॉर्मवर फुल्या नव्हत्या. तिने तो पहिल्या ओळीपासून वाचला. आजारांच्या रकान्यात आजीचा मधुमेह लिहिला. वडिलांच्या रकान्यात आमच्याच कुणीतरी आधीच 'अज्ञात' टाइप करून ठेवलं होतं. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं, की परदेशी दत्तक गेलेल्या कितीतरी मुलांचे आईवडील माहीत असूनही कागदोपत्री त्यांना अनाथ दाखवलं होतं. ते वाचताना मला हा रकाना आठवला.

तिने 'अज्ञात'वर रेघ मारली आणि विचारलं, "मोठा झाल्यावर त्याने मागितलं तर हे त्याला दाखवाल ना?"

हो म्हटल्यावर तिने पेन घेतलं आणि वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं. मग स्वतःचं.