सकाळची बाजू, दुपारची बाजू

अमळनेर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. कापूस वेचणीच्या दिवसांत आमचे वर्ग निम्मे रिकामे असतात. त्या शनिवारी मात्र द्वितीय वर्षाची सव्वीस मुलं आली होती, कारण वर्गात अमेरिकेची सिनेट, म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह, भरणार होती आणि त्याला दहा गुण होते.

तिथे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवतो, सिनेट मतदान करून मान्यता देते आणि तो माणूस तहहयात त्या खुर्चीवर बसू शकतो. म्हणून एकेका जागेसाठी दोन पक्ष इतके हातघाईवर येतात. मी वर्गाचे दोन पक्ष पाडले आणि फळ्यावर नियम लिहिला: दिलेली बाजू मांडायचीच, नाही मांडली तर शून्य.

सकाळी २०१६ सालचा प्रसंग घेतला. १३ फेब्रुवारीला न्यायमूर्ती स्कालिया वारले. निवडणुकीला २६९ दिवस होते. डेमोक्रॅट पक्षाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं, पण सिनेटमध्ये बहुमत असलेल्या रिपब्लिकन पक्षाने सुनावणीच घेतली नाही. नवा राष्ट्राध्यक्ष निवडून येऊ दे, तो ठरवेल, असं त्यांचं म्हणणं.

रिपब्लिकनांकडून बोलायला बोरीकाठच्या गावातून एसटीने येणारी एक मुलगी उभी राहिली. एरवी हजेरीपुरती ‘येस मॅडम’ म्हणणारी. “लोक मत द्यायच्या तयारीत असताना त्यांना डावलून एवढी मोठी खुर्ची का भरता? त्या माणसाचे निकाल आमच्या पोराबाळांना लागू होणार.” ती पाठ केलेलं बोलत नव्हती. समोरच्या बाकावरचा मुलगा, डेमोक्रॅट, तावातावाने म्हणाला, “राष्ट्राध्यक्षाची मुदत अजून संपलेली नाही. न्यायालय अपुरं ठेवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?” दोघंही खरं बोलत होती. मला फार आनंद झाला.

डबे खाऊन झाल्यावर २०२० साल घेतलं. १८ सप्टेंबरला न्यायमूर्ती गिन्सबर्ग वारल्या. निवडणूक ४६ दिवसांवर. आता राष्ट्राध्यक्ष ट्रम्प आणि सिनेट रिपब्लिकनांचीच. एमी कोनी बॅरेट यांचं नाव आलं आणि २६ ऑक्टोबरला, मतदानाच्या आठ दिवस आधी, ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूरही झालं. लिंडसे ग्रॅहॅम या रिपब्लिकन सिनेटरने २०१६ मध्येच सांगून ठेवलं होतं की, रिपब्लिकन अध्यक्षाच्या शेवटच्या वर्षात जागा रिकामी झाली तर माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा. २०२० मध्ये सुनावणी घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते.

सकाळी घाई करणारा मुलगा आता “थांबा, लोकांना ठरवू द्या” म्हणत सहज उभा राहिला. मुलीच्या हातात मी मुद्द्यांचा कागद दिला. रिपब्लिकनांचा युक्तिवादही त्यात होता: तेव्हा अध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेट दुसऱ्याची होती, आता दोन्ही एकाच पक्षाची आहेत. तिने कागद दोनदा वाचला.

“मॅडम, आते मी कशी फिरू?”

घाबरली की ती अहिराणीत बोलते. मी म्हटलं, “अगं, हा सराव आहे. तुझं स्वतःचं मत नाही.”

“सकाळी मी मनापासून बोलले. लोकांना विचारा म्हटलं. लोक तेच आहेत ना?” तिने कागद टेबलावर ठेवला.

मागून कोणी तरी विचारलं, आपल्याकडे असं होतं का? आपल्याकडे खुलं मतदान नाही, मी म्हटलं. १९७३ मध्ये सरकारने तिघा ज्येष्ठांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. १९९३ पासून निवड कॉलेजियमकडे, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाकडे, आली. सरकारलाही वाटा देणारा नियुक्ती आयोग २०१५ मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. २०१८ मध्ये के. एम. जोसेफ यांचं नाव सरकारने परत पाठवलं, कॉलेजियमने पुन्हा धाडलं, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तिकडची लबाडी निदान लोकांच्या डोळ्यांदेखत होते. आपल्याकडची ओढाताण बंद दाराआड चालते, आणि मला ती जास्त सलते. वर्गातल्या कुणालाच जोसेफ यांचं नाव ठाऊक नव्हतं.

मग गुणांची वेळ आली. तिला दहापैकी दहा द्यावेत असं मला फार वाटत होतं. तसं मी बोललेही.

तो समोरच्या बाकावरचा मुलगा उठला. आवाजात कडवटपणा नव्हता. “मॅडम, नियम फळ्यावर आहे. सकाळी तुम्हीच लिहिला.”

मी मागे वळून पाहिलं. खडूची अक्षरं तशीच होती. ती मुलगी माझ्याआधी बोलली, “त्याचं बरोबर आहे मॅडम. शून्य लिहा.”

मी वही उघडली आणि तिच्या नावापुढे शून्य लिहिलं. पाच वाजता शेवटची एसटी असते. ती दप्तर उचलून निघाली, तो मुलगा तिच्यासोबत स्टँडपर्यंत गेला आणि दोघं वाटेत अजून २०१६ वरच भांडत होती.