आहेराचा कप्पा

दुपारी टॉवेल ओढला तर त्याच्यामागून एक पँटपीस खाली आला. चॉकलेटी रंग, प्लास्टिकच्या पिशवीत, वर टाचणीनं लावलेली चिठ्ठी. अक्षर सासूबाईंचं: 'बडनेऱ्याचे मामा. मनूचं लग्न. परत त्यांना नको.'

ज्यांच्या घरी आहेराचा कप्पा आहे त्यांना पुढचं सांगायला नको. हा पँटपीस शिवायचा नसतो. आमच्याकडे कोणी कधी शिवला नाही; शिलाईच्या पैशांत तयार पँट येते. तो आला, काही वर्षं राहील, मग कुणाच्या तरी साखरपुड्यात टॉवेल-टोपीसोबत पुढे जाईल. फक्त बडनेऱ्याकडे वळता कामा नये. एकदा तसं झालं होतं म्हणतात. सासूबाई त्या विषयावर बोलत नाहीत, चिठ्ठ्या मात्र तेव्हापासून लागतात.

आलमारी आवरायला घेतली होती ती मोबाइलवरच्या एका बाईमुळे. सगळे कपडे पलंगावर काढा, म्हणत होती. तिची खोली पांढरीशुभ्र, कपडे मोजून दहा-बारा. सगळं पलंगावर काढलं तर रात्री झोपायचं कुठे, हे तिनं सांगितलं नाही. माझं मत साफ आहे. एका वेळी एकच कप्पा काढावा, लावून बंद करावा आणि चहा घ्यावा. चहानंतर दुसऱ्या कप्प्याची इच्छा उरली तर बघावं. सहसा उरत नाही. आणि मे महिन्यात तर आलमारीला हातच लावू नये. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली लोखंडी आलमारी, उघडली की आतले कपडे आत्ताच इस्त्रीहून आल्यासारखे गरम.

त्या बाईचा दुसरा नियम: वर्षभर जे घातलं नाही ते काढून टाका. नागपुरात राहून बघ म्हणावं. इथे २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ला ३.५ वर उतरला होता. तिबेटी लोकांच्या दुकानातून घेतलेले जाडजूड स्वेटर हिवाळी अधिवेशनाबरोबर निघतात आणि संक्रांत झाली की आत जातात. एखाद्या वर्षी निघतही नाहीत. पण त्या ३.५च्या सकाळी आमच्या घरातला एकूण एक स्वेटर कुणाच्या ना कुणाच्या अंगावर होता, कोपराला भोक पडलेलासुद्धा.

इथल्याच महाल भागातल्या माहेरच्या घरी आलमारीच नव्हती. आजीची लोखंडी पेटी होती, खाटेखाली. पावसाळा सरून कडक ऊन पडलं की ती अंगणात निघायची. रेशमी लुगडी उलगडायची, सावलीतच वारा द्यायचा आणि घडी बदलून ठेवायची, नाहीतर जर घडीवर तुटते. आम्हा पोट्ट्यांना रस डांबरगोळ्यांत. गेल्या वर्षी टाकलेली टपोरी गोळी हरभऱ्याएवढी उरलेली असायची. कोणी खाल्ली? आजी म्हणायची, "कपड्यानं खाल्ली." पुढे शाळेत संप्लवन शिकवलं, पण माझा विश्वास अजून आजीवरच आहे.

आजोबा एम्प्रेस मिलमध्ये, विणाई खात्यात. १ जानेवारी १८७७ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी मिल सुरू झाली, म्हणून ते नाव. आजोबांना राणीशी घेणंदेणं नव्हतं. त्यांचं लक्ष धोतराच्या काठावर. धोतर विरलं की त्याची नवजात पोराला दुपटी व्हायची. दुपटी विरली की ती गोधडीच्या पोटात जायची. गोधडी फाटली की पोतेरं, आणि पोतेऱ्याचं शेवटी काय व्हायचं ते बंबालाच ठाऊक. कपडा घराबाहेर जायचा म्हणून नाही, फक्त त्याची पायरी उतरत जायची. आलमारी आवरणं हे कामच त्या घरात कुणी केलं नाही.

मिल २००२मध्ये बंद झाली. त्या जागेवर आता मॉल आहे आणि दोनावर एक फुकट असे टी-शर्ट मी तिथूनच आणते. मऊ असतात, रंग जात नाही, फाटतही नाहीत. परवा त्यातल्या एकाचं पोतेरं करायला गेले, तर फरशीवरचं पाणी ते इकडून तिकडे ढकलतं, पीत नाही. पॉलिएस्टर! दुपटं याचं होत नाही, पोतेरंही नाही, आणि बंबात घातलं तर घरभर वास. तर खालच्या पायऱ्याच नाहीत. मग सगळे वरच्या पायरीवर, म्हणजे माझ्या आलमारीत, दाटीवाटीनं उभे.

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडेवालीसुद्धा घेत नाही. चिमटीत धरून बाजूला ठेवते. "हे नाही चालत ताई. जीन्स असंल तर काढा." माझ्या ढिगातून तिनं दोन पँटी उचलल्या आणि एक गाळणी दिली. उरलेल्या ढिगाकडे बघून, पोळ्यानंतर मारबतीचा पुतळा मिरवत नेताना ओरडतात तसं, मी जोरात ओरडले, "घेऊन जा गे मारबत!" सासूबाईंना ते आवडलं नाही. ते रोगराईसाठी असतं, टी-शर्टासाठी नाही. मग त्यांनी खाली बसून ढिगातून चार टी-शर्ट परत काढले. "काऊन फेकून राहिली? कामात येते."

कशाच्या कामात, ते विचारायचं नसतं.

अंबाझरीच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं मात्र आलमारी एका रात्रीत रिकामी केली. २३ सप्टेंबर २०२३ची पहाट. तलाव भरून वाहिला आणि पाणी घरात शिरलं, तेव्हा खालचे दोन कप्पे गेले. तिच्या आईच्या साड्या खालीच होत्या, कारण त्या रोज लागत नव्हत्या. गच्चीवर वाळत घातल्या तेव्हा एकीचा रंग दुसरीत उतरला होता आणि घड्यांमध्ये बारीक गाळ बसला होता, झटकला तरी निघेना. मी विचारलं, काय आणू? ती म्हणाली, कोरडं काहीही.

नको असलेल्यांची पिशवी तेव्हाही दाराशी भरलेली होती. ती उचलली आणि परत ठेवली. रोजचा निळा कुर्ता घेऊन गेले, बटणं शाबूत असलेला. तो तिनं अजून परत केलेला नाही. गेल्या भिशीला घालून आली होती. बसतो तिला, खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरा.